खडकमाळ फाट्यावर थांब्याचे उद्घाटन उत्साहात

चैताली खोटारडी नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे खडकमाळमधल्या बऱ्याच लोकांनी तिला तसं म्हटलं, आणि म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कधी न भरलेल्या ग्रामसभांच्या रजिस्टरवर बिनदिक्कत सह्या ठोकलेल्या होत्या. सरांनी तिला बातमी लिहायला सांगितली, तिने ती लिहिली. एवढाच काय तो तिचा गुन्हा.

सर म्हणजे शेखर सर. सातवीचं मराठी आणि समाजशास्त्र दोन्ही त्यांच्याच गळ्यात होतं, म्हणून त्यांनी दोन्हींची एकच मिसळ करून टाकली होती. इतिहासाच्या तासाला संवादलेखन, भूगोलाच्या तासाला गावाचं वर्णन, आणि नागरिकशास्त्राच्या तासाला वर्गातच ग्रामसभा. ग्रामसभा खोटी असायची, भांडणं मात्र खरी व्हायची. मागच्या खेपेला पाणीपुरवठ्याच्या विषयावर विरोधी बाकाने सरपंच झालेल्या पोराची पाण्याची बाटलीच पळवली होती. सर अशा वेळी रागावण्याआधी मोबाईल काढून फोटो घ्यायचे. फोटो नसला तर उपक्रम झालाच नाही असं धरतात, हे त्यांचं अनुभवाचं मत होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी सरांनी भित्तिपत्र काढायचं ठरवलं. जेवणाच्या रिकाम्या डब्यात विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि डबा वर्गभर फिरवला. कोणाला वृक्षारोपण निघालं, कोणाला क्रीडास्पर्धा, कोणाला स्वच्छता मोहीम. बातमीचे नियम फळ्यावर लिहिले होते. प्रसंग घडलेला नसला तरी घडून गेला असं धरून लिहायचं. कुठे, केव्हा, कोणाच्या हस्ते, सत्कार कोणाचा आणि आभार कोणी मानले, हे सगळं आलं पाहिजे. परीक्षेत आभार विसरलात तर अर्धा गुण गेला म्हणून समजा, असंही सरांनी बजावलं.

चैतालीच्या चिठ्ठीवर होतं : गावात नुकत्याच पूर्ण झालेल्या विकासकामाची बातमी तयार करा.

तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. समाजमंदिराचं कुंपण दोन वर्षं एका बाजूनेच उभं होतं. व्यायामशाळेचं सामान आलं होतं, व्यायामशाळा आली नव्हती, आणि ते सामान एका पुढाऱ्याच्या कांदाचाळीत कांद्यांना सोबत करत पडलं होतं. पूर्ण झालेलं असं काहीच सापडेना, तेव्हा तिने तिला जे हवं होतं तेच पूर्ण करून टाकलं.

तिला हवी होती बस.

खडकमाळची शाळा सातवीपर्यंतच. पुढे चांदवडचं हायस्कूल, अकरा किलोमीटर. गावची वाट मोठ्या रस्त्याला जिथे मिळते त्या फाट्यावरून सकाळी साडेनऊला बस जायची, अगदी वेळेवर आणि अजिबात न थांबता, कारण फाट्यावर थांबाच नव्हता. थांबा तीन किलोमीटर पुढे, आणि तिथवर जायचं म्हणजे कंटेनर आणि कांद्याचे ट्रॅक्टर चुकवत रस्त्याच्या कडेकडेने. चैतालीचा बाप सुनील विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याने दिवाळीतच सांगून टाकलं होतं की बस फाट्यावर थांबली तर पोरगी आठवीला जाईल, नाहीतर सातवी बस झाली. येवल्याला मावशीकडे राहील, पैठणीच्या मागावर हात बसवील, त्यातही काही वाईट नाही. त्या रस्त्याने पोरगी पायी पाठवायची त्याची छाती नव्हती, आणि सकाळी वीज आली की जळालेल्या मोटारीमागे धावण्यातून त्याला स्वतःला सवड नव्हती. यात दुष्टावा काही नव्हता. पण बाप किती शांतपणे अट घालतो त्यावरून ती पुरी होण्याची त्याला किती आशा आहे ते लेकराला कळतं. चैतालीला ते कळलं होतं, आणि त्या रात्री तिने जेवण अर्धं टाकलं होतं.

आता मात्र तिच्या हातात पेन होतं आणि सरांची परवानगी होती. तिने लिहिलं :

‘खडकमाळ फाट्यावर थांब्याचे उद्घाटन उत्साहात. आमच्या वार्ताहराकडून. खडकमाळ : येथील फाट्यावर सकाळच्या बसला थांबा मिळावा ही ग्रामस्थांची अनेक वर्षांची मागणी अखेर पूर्ण झाली. सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता बस थांबताच युवा नेते गोरक्षभाऊ यांच्या हस्ते बसला हार घालून श्रीफळ वाढवण्यात आले. चालक व वाहक यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. विद्यार्थ्यांनी लेझीम सादर केले. प्रवाशांना पेढे वाटण्यात आले. गोरक्षभाऊंच्या अथक पाठपुराव्यामुळेच हे काम मार्गी लागल्याची भावना सर्वांनी व्यक्त केली. उपस्थितांचे आभार कु. चैताली हिने मानले.’

गोरक्षभाऊच का, तर बातमीत कोणाचं तरी नाव लागतं, आणि गावात सगळ्यात जास्त वेळा छापलेलं नाव त्याचंच होतं. वय बत्तीस, शेती भावाकडे, इस्त्रीचे पांढरे कपडे स्वतःकडे. कोणाचा वाढदिवस असो नाहीतर कोणाचा दहावा, फाट्यावरच्या फ्लेक्सवर भाऊ हात जोडून हजर. त्याने कोणतं काम केलं ते कोणाला आठवत नसे, चेहरा मात्र अंगणवाडीतल्या पोरांनाही पाठ होता. थांब्यासाठी अर्ज देतो असं तो तीन वर्षांपूर्वी म्हणाला होता, आणि ते म्हणणं अजून म्हणण्यातच होतं.

शेखर सरांनी बातमी वाचली, मिशीत हसले आणि भित्तिपत्राच्या मधोमध चिकटवली. मग फोटो काढायला पुढे सरसावले. अक्षर नीट दिसावं म्हणून इतके पुढे सरसावले की वरची ‘इयत्ता सातवी, बातमीलेखन उपक्रम’ ही ठळक पट्टी फोटोच्या बाहेर राहिली. फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर गेला. पालकांनीही पोरांचं कौतुक पाहावं म्हणून सरांनी तो ‘आपलं खडकमाळ’ या गावच्या ग्रुपवरही टाकला, आणि खाली दोन ओळी लिहिणार तेवढ्यात खिचडीचा तांदूळ आल्याची हाक आली. सर उठले ते उठलेच.

संध्याकाळपर्यंत गावाने सरांच्या त्या दोन ओळींची वाट पाहिली नाही. सातपूरला कंपनीत असलेल्या एका गाववाल्याने पहिलं ‘अभिनंदन भाऊ’ टाकलं. एकाने अभिनंदन केलं की दुसऱ्याने गप्प बसणं म्हणजे वैर घेणं. जेवणाच्या वेळेपर्यंत एकशे साठ अभिनंदनं झाली, त्यात फुलं, हार, जोडलेले हात आणि एका म्हातारबाबांकडून चुकून रडका चेहराही आला. हे कधी घडलं, असं कोणी विचारलं नाही. सोमवारी अर्धं गाव कांदे काढायला रानात होतं आणि उरलेलं अर्धं कांदे विकायला मार्केटला. ज्याला त्याला वाटलं, पेढे आपलेच तेवढे हुकले.

खुद्द गोरक्षभाऊनेही बातमी दोनदा वाचली. सोमवारी तो इगतपुरीला एका लग्नात होता, हे त्याला आठवत होतं. पण एवढी माणसं म्हणतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच, आणि आपल्या नावाने झालं ते आपणच केलं, असा त्याने सरळ हिशेब लावला. ‘आपले आशीर्वाद असेच राहू द्या’ असं लिहून तो झोपला. तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स उभा राहिला. त्यावर गोरक्षभाऊ दारापेक्षा उंच होता आणि त्याच्या मागे बस काडेपेटीएवढी.

चैतालीने तो फ्लेक्स पाहिला तेव्हा ती आधी घाबरली. मग हसू आलं. मग पुन्हा घाबरली. सांगावं तर हात दाखवून अवलक्षण, न सांगावं तर कधी ना कधी बिंग फुटणारच. घरी बाप जेवता जेवता एवढंच म्हणाला की तो रोज साडेनऊला फाट्याजवळच्या विहिरीवर असतो, आणि थांबलेली बस त्याने तरी पाहिली नाही. गावात हा प्रश्न पडलेला तो एकटाच माणूस होता. चैतालीने भाताचा मोठा घास तोंडात घेतला आणि तो बराच वेळ चावत बसली.

बिंग फोडलं ते कुसाबाईने. कुसाबाईची पंच्याहत्तरी उलटलेली, गुडघे दुखायचे, आणि चांदवडच्या दवाखान्यात जायला ती सहा महिने कोणाच्या तरी गाडीची वाट पाहत होती. गुरुवारी ती पिशवी घेऊन फ्लेक्सच्या खाली उभी राहिली आणि तिने हात केला. बस तिच्या अंगावर धूळ टाकून निघून गेली. दुसरी कोणी असती तर बोटं मोडत घरी गेली असती. कुसाबाई गोरक्षभाऊच्या घरी गेली, ओट्यावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि बस मिळेपर्यंत आपण इथून हलणार नाही असं सांगून मोकळी झाली. भाऊच्या आईला तिला चहा द्यावा लागला, मग भाकरी, मग पुन्हा चहा. चहात साखर कमी असल्याचंही कुसाबाईने मोकळेपणाने सांगितलं.

शुक्रवारी सकाळी गोरक्षभाऊ शाळेत आला. सरांनी मोबाईल उघडून आपण काय पाठवलंय ते नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा फळा पुसायच्या फडक्यासारखा झाला. ही बातमी नसून उपक्रम आहे, हे ते भाऊला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगत राहिले. भाऊला एकही प्रकार पटला नाही. पोरांनी खोटी बातमी छापली, गुरुजींनी ती गावभर फिरवली, असं आपण ग्रुपवर टाकणार आणि सरांनी तिथेच माफी मागायची, असं त्याचं म्हणणं पडलं. सर बिचारे माफीचा मजकूर मनात जुळवायलाही लागले होते. मग भाऊने विचारलं की लिहिलं कोणी, आणि चैताली उभी राहिली.

 सरांची माफी ग्रुपवर गेली की थांब्याचा विषय गावात हसण्यावारी जाणार, पुढची दहा वर्षं कोणी त्याचं नाव काढणार नाही, आणि जूनमध्ये आपण येवल्याला. हे सगळं तिला एका क्षणात दिसलं. भीती वाटली तशी जीभही सुटली.

“भाऊ, बातमी खोटी नाय,” ती म्हणाली. “जरा लवकर छापली, एवढंच.”

भाऊने सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे. चैतालीने मग मुद्देसूद सांगितलं, जसं ग्रामसभेत उभं राहून सांगायचं सरांनीच शिकवलं होतं. खोटी आहे म्हणून टाकलंत तर एकशे साठ अभिनंदनं परत करावी लागतील. फ्लेक्स दिवसाढवळ्या उतरवावा लागेल. आणि बस नाही हे ओट्यावर बसलेल्या कुसाबाईला भाऊंना स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. त्यापेक्षा बातमीत जे लिहिलंय ते ओळीने करून टाकावं. हार, नारळ, शाली, पेढे, लेझीम, सगळं त्यात आहे, फक्त बस थांबवायची तेवढी राहिली आहे.

गोरक्षभाऊ पोरांच्या बुटक्या बाकावर बसला आणि त्याने दोन्ही गुडघे धरले. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरायचं म्हणजे कोणीतरी शिडी धरावी लागते, आणि इथे ती सातवीतली पोरगी धरून उभी होती. शेवटी त्याने हळूच विचारलं की लेझीमसुद्धा लागेल का. सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. बातमीत आहे म्हणजे लागेलच, असं त्यांनी ठणकावलं.

सोमवारी साडेनऊला फाट्यावर दीडशे माणूस जमलं. आता, त्या आठवड्यात कांद्याचा भाव कोसळला होता आणि शेतकरी ठिकठिकाणी रस्ते अडवत होते, हे सत्काराच्या घाईत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ड्रायव्हर सहादूच्या मात्र ध्यानात होतं. त्याने लांबूनच रस्त्यावरची गर्दी पाहिली, हलगी ऐकली, पोरांच्या हातात काहीतरी वाजणारं चमकताना पाहिलं, आणि कांद्याचं रास्ता रोको ओळखून शंभर पावलांवर ब्रेक दाबला. खिडक्यांच्या काचा खडाखड बंद झाल्या. आता दोन तास गेले म्हणून एका प्रवाशाने जेवणाचा डबा उघडला. कंडक्टर स्नेहल ही तिशीतली, तोंडाची खमकी बाई, तिने आगारात फोन लावून रस्ता बंद असल्याचं कळवूनही टाकलं.

मग गोरक्षभाऊ झेंडूचा भलामोठा हार घेऊन बसच्या दिशेने चालू लागला आणि त्याच्यामागे दीडशे माणूस. सहादूने आपल्या बाजूचं दार आतून धरून ठेवलं. भाऊ बाहेरून सत्कार म्हणत होता, सहादूला आत दगडफेक ऐकू येत होती. ही कोंडी कुसाबाईने सोडवली. तिने मागच्या दारावर पिशवीने थापा मारल्या, दार उघडताच आत चढली, पुढच्या सीटवर ऐसपैस बसली आणि म्हाताऱ्यांच्या फुकट तिकिटासाठी आधारकार्ड काढून स्नेहलसमोर धरलं. आंदोलनाला आलेली बाई आधारकार्ड दाखवत नाही, एवढं स्नेहलला कळत होतं. तिने सहादूला खाली उतरायला सांगितलं.

सहादू उतरला तो दोन्ही हात पुढे धरूनच. त्या हातांत नारळ आला. गळ्यात हार पडला, खांद्यावर शाल आली, आणि पोरांनी लेझीमचा असा काही दणका उडवला की पुढचं भाषण कोणालाच ऐकू गेलं नाही, ही भाऊच्या भाषणाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट झाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत सहादूला रस्त्याने शिव्या मिळाल्या होत्या, एकदा दगड मिळाला होता, शाल कधी मिळाली नव्हती. तो कसनुसा हसत उभा होता, नारळ कोणत्या हातात धरावा ते त्याला कळत नव्हतं.

शेवटी आभार. सरांनी चैतालीला पुढे ढकललं. तिने रात्रभर पाठ केलेलं सगळं त्या हलगीत वाहून गेलं होतं.

“ड्रायव्हर काकांनी आज बस थांबवली, त्यांचे आभार,” ती म्हणाली. “जूनपासून मला रोज आठवीला जायचंय. रोज आभार मानायला मी हितंच उभी राहीन.”

लोक हसले. सहादू हसला नाही. त्याने शालीच्या टोकाने तोंड पुसलं, जणू उन्हाने घाम आला होता, आणि परत जागेवर जाऊन बसला. स्नेहलने मात्र निघताना खाकी कपड्यांवरची शाल सावरत भाऊला बाजूला घेतलं. शाल घातल्याने थांबा होत नाही भाऊ, असं तिने त्याला सांगितलं. त्याला ग्रामसभेचा ठराव लागतो, आगाराला अर्ज लागतो. तुमचा अर्ज कितव्या तारखेचा आहे, तेवढं सांगा, मी चौकशी करते. भाऊने सरांकडे पाहिलं. सगळ्या गावाने भाऊकडे पाहिलं.

तर अर्जही सातवीनेच लिहिला. औपचारिक पत्रलेखन तसंही शिकवायचं राहिलं होतं, असं सर म्हणाले. बावीस पोरांनी बावीस अर्ज लिहिले. वर्गातल्या ग्रामसभेने ठराव केला. गावच्या ग्रामसभेने तो पुढच्याच आठवड्यात जसाच्या तसा आपल्या रजिस्टरवर उतरवून घेतला, मुद्दे आणि शुद्धलेखनासकट, आणि त्या दिवशी सह्या करणारी माणसं चक्क हजर होती. आगारातल्या साहेबांनी अर्ज नीट वाचून घेतला, पोरांच्या अक्षराचं कौतुक केलं आणि पाहणी करून निर्णय कळवू असं सांगितलं. त्यांचंही बरोबर होतं, त्यांना असे शंभर फाटे पाहायचे होते.

पण तोवर एक गंमत झाली. सहादू रोज थांबायला लागला. कागद नाही, पाटी नाही, तरी साडेनऊला फाट्यावर गाडीचा वेग कमी व्हायचा, कोणी हात केला की दार उघडायचं. लोकांसमोर शाल घेतलेल्या माणसाला काच वर करून निघून जाता येत नाही. कुसाबाई त्या महिन्यात चार वेळा चांदवडला जाऊन आली, त्यातल्या दोन वेळा तिचं तिथे काहीही काम नव्हतं.

चैतालीने हे बापाला रोज संध्याकाळी सांगितलं. आज दोन माणसं चढली, आज चार चढली, आज एक शेळीसुद्धा चढता चढता राहिली. सुनील तांब्याची तार मोटारीत गुंडाळत ऐकून घ्यायचा. एकदा तो म्हणाला, “सहादू थांबतोय, बाळा. बस नाय थांबत. उद्या ड्रायव्हर बदलला की काय?”

 सगळ्या गावाला बोलून गुंडाळणारी पोर या एका माणसासमोर मुकी व्हायची, कारण हा एकटा खरं बोलायचा. मे महिन्यात निकाल लागला, ती वर्गात पहिली आली. शेखर सर घरी आले, चहा प्यायले, तासभर बोलले. सुनीलने मान हलवली, पण मावशीला निरोप आधीच गेला होता. शेवटी त्याने एवढंच कबूल केलं की शाळा सुरू होईल त्या दिवशी तो स्वतः तिला घेऊन फाट्यावर येईल. बस थांबली तर ती आठवीला. नाही थांबली तर संध्याकाळच्या गाडीने येवला. चैताली हो म्हणाली, दुसरं काय म्हणणार.

तो दिवस उजाडला. आईने नव्या गणवेशाची घडी मोडली, वेण्या घट्ट घातल्या, डबा दिला, आणि कोपऱ्यात येवल्याची पिशवीही भरून ठेवली होती, ती चैतालीला दिसू नये म्हणून तिच्यावर टॉवेल टाकला होता. तो टॉवेलच सगळ्यात आधी दिसला. बापाच्या मोटारसायकलवर मागे बसून ती फाट्यावर आली.  त्याच्या शर्टाच्या खिशात पक्कड होती, इथून तो थेट कामावर जाणार होता.

साडेनऊला वळणावर बस दिसली. चैतालीने हात वर केला. बस जवळ आली तसं तिला ड्रायव्हर दिसला, आणि तो सहादू नव्हता. कोणी तरुण, डोळ्याला काळा चष्मा. त्याच दिवसापासून सहादूला आणि स्नेहलला दुसऱ्या मार्गावर घातल्याचं तिला नंतर कळलं. या नव्याला कोणी शाल दिलेली नव्हती, पेढा दिलेला नव्हता, त्याच्या कागदावर इथे थांबा नव्हता. गाडीचा वेग काही कमी झाला नाही.

तिने हात आणखी उंच केला, टाचा उचलल्या. मग तिला समजलं, आणि तिने हात खाली घेतला. बापाकडे बघायची तिला हिंमत होईना. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. तो आता मोटारसायकलला किक मारील, असं तिला वाटलं.

किकचा आवाज आला नाही. तिने वळून पाहिलं तर गाडीवर कोणी नव्हतं. सुनील रस्त्याच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात वर करून, आणि बस सरळ त्याच्या अंगावर येत होती. ब्रेक किंचाळले, टायरचा वास सुटला, आणि बस त्याच्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. आयुष्यात कोणाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस, त्याने हात तरीही खाली घेतले नाहीत.

ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि मरायचं असेल तर दुसरी गाडी बघा म्हणून त्याला फैलावर घेतलं. इथे थांबा नाही, असंही ओरडून सांगितलं.

“नसू दे,” सुनील म्हणाला. “पोरगी तर हाय ना उभी.”

ड्रायव्हरने चष्मा वर केला आणि कडेला पाहिलं. नवा गणवेश, घट्ट वेण्या, हातात डबा. मागे ट्रकांची रांग लागायला लागली होती, हॉर्न वाजत होते. बसचं दार उघडलं.

चैताली धावत जाऊन चढली. खिडकीशी पोहोचली तरी बस हलेना, कारण बाप अजून समोरून हलला नव्हता. तो ड्रायव्हरला काहीतरी सांगत होता. तिने काच सरकवली तेव्हा तिला शेवटचं तेवढं ऐकू आलं.

“उद्या पण ती हाय,” तो सांगत होता, “आणि उद्या पण मी हाय.”

मग तो बाजूला झाला.